आइस बॉक्सवरची चावी

चावी मला दिसत होती. मागच्या सीटवर निळा आइस बॉक्स होता आणि त्याच्या झाकणावर ती आडवी पडली होती. शेजारी माझा चष्मा पुसायचा रुमाल. मी गाडीच्या बाहेर होते. चारही दारं लॉक, चारही काचा वर. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि समोरच्या घरात मन्मथअप्पांच्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवून घरचे माझी वाट बघत बसले होते.

मी लातूरच्या एका नेत्रपेढीत टेक्निशियन आहे. नेत्रपेढी म्हणजे आय बँक. माणूस गेल्यावर घरच्यांनी त्याचे डोळे द्यायचं ठरवलं की आम्हाला फोन येतो. आम्ही घरी जातो, डोळे काढून घेतो आणि पेढीत आणतो. बऱ्याच लोकांना वाटतं, एकाचा डोळा काढून दुसऱ्याला बसवतात. तसं नसतं. डोळ्याच्या अगदी पुढे, घड्याळावर काच असते तसा, एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. तो पांढरा पडला की दिसेनासं होतं. तेवढाच पडदा बदलता येतो. पण त्यासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे हातात यावे लागतात. आमची सगळी नोकरी या सहा तासांत चालते.

मन्मथअप्पा मुरुडचे कापड दुकानदार. वय बहात्तर. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शिबिरात त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. सकाळी साडेसातला, आंघोळीला जाता जाता, ते ओसरीवर कोसळले आणि गेले. त्यांचा मुलगा शिवराज याने नऊच्या सुमाराला पेढीत फोन केला. मी त्याला नेहमीच्या सूचना दिल्या. पंखा बंद करा, वाऱ्यानं डोळे सुकतात. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली दोन उशा द्या. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, एक सांगायचं ऱ्हायलं. आमच्यात माणसाला बसवून नेतेत. स्वामी साडेबाराला येयलेत. त्यांनी एकदा बसवलं की मग परत आडवं करता येत न्हाई. त्याच्या आत व्हईल का?"

लिंगायत घरात देहाला बसवून, भस्म लावून, बसलेल्या स्थितीत समाधी देतात, हे मला माहीत होतं. बसवायचंही लवकर असतं, कारण देह कडक झाला की मग बसत नाही. म्हणजे घड्याळाप्रमाणे माझ्याकडे दीड वाजेपर्यंत वेळ होता, पण खरा वेळ साडेबारापर्यंतच होता.

"होईल," मी म्हणाले.

आमचा ड्रायव्हर भाचीच्या लग्नासाठी औशाला गेलेला. डॉक्टर आणि दोन्ही सिस्टर मुखेडच्या शिबिरात. अशा वेळी मी एकटी जाते, गाडी मीच चालवते. त्यात नवल काही नव्हतं. मुरुड पाऊण तासाच्या रस्त्यावर. किट आणि बर्फ भरून दहाला निघाले, अकराच्या आधी पोचले.

आता चूक कशी झाली ते सांगते. आमची गाडी जुनी. सेंट्रल लॉक केव्हाच बंद पडलेलं. ड्रायव्हरच्या दाराचं चावीचं भोक झिजलेलं, चावी त्यात अडकायची. म्हणून पेढीतल्या सगळ्यांना एक सवय लागलेली. काचेच्या कडेला आतून खुंटी असते, ती खाली दाबायची, बाहेरचं हँडल उचलून धरायचं आणि दार लावून टाकायचं. चावी न लावता दार लॉक. वेळ वाचतो. चावी तुमच्या हातात आहे की नाही, हे मात्र ते दार तुम्हाला विचारत नाही.

मी पोचल्या पोचल्या हत्यारांचं किट आणि आइस बॉक्स घेऊन आत जात नाही. रडणाऱ्या घरात स्टीलच्या हत्यारांचा डबा घेऊन शिरणं बरं दिसत नाही. आधी फक्त फॉर्मची फाइल घेऊन जायचं, घरच्यांशी बोलायचं, कुणाचा विरोध आहे का बघायचं, सह्या घ्यायच्या, आणि मग किट आणायचं. तोपर्यंत किट गाडीत, आणि गाडी लॉक. हा पेढीचा नियम. पुढचं दार तसंच लावून मी मागचं उघडलं, बॉक्समधलं थर्मामीटर बघितलं, झाकण परत लावताना हातातली चावी त्यावर ठेवली, फाइल काखेत घेतली, खुंटी दाबली, हँडल उचललं आणि दार लावलं. नियम तंतोतंत पाळला.

आत पंधरा मिनिटं गेली. घरात सगळं व्यवस्थित होतं. पंखा बंद, उशा दोन, कापूस ओला. सूनबाईंनी दर अर्ध्या तासाला तो बदलला होता. मन्मथअप्पांच्या पत्नी महानंदाआक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारीक चणीच्या, कपाळ भस्मानं भरलेलं. त्या रडत नव्हत्या. फॉर्म मी वाचून दाखवला. त्यांनी हात पुढे केला आणि सही केली.

विरोध होता तो एकाचा. मन्मथअप्पांचे थोरले भाऊ, गुरुनाथअप्पा. भावानं दुकान बघितलं, यांनी शेती. ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. हातात काठी होती ती टेकायला नव्हे, बोलताना आपटायला.

"बाई, मला एक सांगा," ते म्हणाले. "डोळेच काढून नेल्यावर त्याला शिव दिसल कसा?"

हा प्रश्न मला बावीस वर्षांत सगळ्या जातीधर्मांच्या घरांत वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेलाय. मी त्याला वाद घालून उत्तर देत नाही. म्हणाले, "अप्पा, ते मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की हा फॉर्म तुमच्या भावानं स्वतः भरलाय, आणि मी त्यांचं सांगितलेलं काम करायला आलेय."

त्यांनी मान फिरवली. मी ती अर्धी संमती धरली आणि किट आणायला बाहेर आले.

आणि चावी झाकणावर दिसली.

पहिली दोन मिनिटं मी तेच केलं जे सगळे करतात. चारही हँडलं ओढून बघितली. मग परत ओढून बघितली. डिकीही बघितली. मग डॉक्टरांना फोन लावला. ते शिबिरात पेशंट तपासत होते.

"सर, चावी गाडीत राहिली. गाडी लॉक आहे. किट आत आहे."

"दुसरी चावी?"

"माझ्या टेबलामागच्या कपाटात."

"मग कुणालातरी..." ते थांबले. "कपाटाची किल्ली माझ्या खिशात आहे."

"हो सर."

मुखेडहून लातूर आणि लातूरहून मुरुड. तीन तास तरी.

"काच फोड," डॉक्टर म्हणाले. "मागची नको, तुकडे बॉक्सवर आणि किटवर पडतील. पुढची फोड, डावीकडची. किती वेळ आहे?"

"साडेबाराला देह बसवणार आहेत. मला अर्धा तास लागेल."

"म्हणजे बाराच्या आत किट हातात पाहिजे. पावणेबारापर्यंत डोकं चालव. पावणेबाराला काच फोड. मला विचारत बसू नकोस."

आमचे डॉक्टर कमी बोलतात. पण एकदा वेळ ठरवून दिली की डोकं शांत होतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले आहे. काय करायचं हे कळत नसलं तरी कधीपर्यंत करायचं हे कळलं, की निम्मी घाबरगुंडी उतरते.

मी आत गेले आणि शिवराजला बाजूला बोलावून सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला नाही की काही नाही. थेट बाजारातल्या गॅरेजवाल्याला फोन केला. गॅरेजवाला पाहुण्यांकडे गेला होता. दुसरा एक होता, त्यानं उचलला नाही.

तोपर्यंत गाडीभोवती माणसं जमली होती. अंत्यविधीला आलेली, पांढऱ्या टोप्यांची, अंगणात उगीच उभी असलेली माणसं. त्यांना काम मिळालं. एकानं वाळत घातलेल्या कपड्यांची तार सोडून आणली आणि काचेच्या खालच्या रबरातून आत घालायला लागला.

"तिथून नको," मी म्हणाले.

"शिनिमात असंच उघडतेत, मॅडम."

"दाराच्या आत लॉकचे गज असतात. आंधळेपणानं तार घातली आणि एखादा गज निसटला, तर चावी मिळूनही दार उघडणार नाही."

त्यानं तार काढली, पण चेहरा पडला. दुसऱ्यानं काच दोन्ही तळव्यांनी दाबून खाली सरकवायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. गाडीतली तेवढी एकच गोष्ट धड होती.

या गडबडीत गुरुनाथअप्पा बाहेर आले. काठी टेकवून उभे राहिले. काचेतून चावी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याच्या मनात न्हाई."

तार आणणारा एक पाऊल मागे सरकला.

"मी सकाळपसून सांगायलोय. त्याच्या मनात असतं तर असं झालं नसतं. चावी आत, हत्यारं आत. ह्याहून साफ अजून काय सांगायचं माणसानं?"

मला कळलं की आता माझ्यापुढे दोन कामं आहेत. दार उघडायचं होतंच. पण दार उघडून किट हातात येईपर्यंत घरच्यांचं मन फिरलं, तर किटचा उपयोग नव्हता. नियमानं, घरच्यांनी कुठल्याही क्षणी नको म्हटलं की आम्ही निघून येतो. सही झालेली असली तरी. दोन बायका कुजबुजायला लागल्या. शिवराज खाली बघायला लागला. तो चुलत्यासमोर बोलणारा मुलगा नव्हता.

मी म्हणाले, "अप्पा, यात त्यांचा काही संबंध नाही. चावी मी ठेवली, खुंटी मी दाबली, दार मी लावलं. हा माझा वेंधळेपणा आहे. तो त्यांच्या नावावर नका टाकू."

"माणूस उगं वेंधळा व्हत न्हाई, बाई. कुणीतरी करतंय तवा व्हतो."

याचं उत्तर दारातून आलं. महानंदाआक्का उठून चौकटीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. सूनबाईंनी दंड धरला होता.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या भावानं दुकानाची किल्ली गल्ल्यावर ठेवून बाहीरून शटर वढून घेतलं व्हतं का न्हाई?"

गुरुनाथअप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"एकदा न्हवं, दोनदा. दुसऱ्यांदा तर दिवाळीच्या तोंडावर. कुलूप तोडाय तुमीच गेल्ते पहार घेऊन. तवा कुणाच्या मनात न्हवतं? दुकान उघडू नगं म्हणून देवानं सांगितलं व्हतं का?"

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. शिवराजच्या तोंडावरही काहीतरी हललं. आणि महानंदाआक्का, ज्या सकाळपासून रडल्या नव्हत्या, त्या तिथं उभ्या उभ्या रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. सूनबाई त्यांना आत घेऊन गेल्या. जाता जाता आक्का माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "काढा बाई तुमची चावी."

साडेअकरा झाले होते.

मी डोकं चालवायला सुरुवात केली. माझं रोजचं काम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पडद्यावर चालतं. हात कापत नाहीत. दिसत असलेल्या खुंटीला फासा टाकून वर ओढणं हे त्यापेक्षा अवघड असायला नको. अडचण एकच, आत दोरा न्यायचा कसा. दाराच्या चौकटीत आणि पत्र्यात बोटभर फट पाहिजे.

शिवराजला विचारलं, "दुकानात गठ्ठ्यांना गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी असते ना? ती हवी. आणि पार्सल शिवायचा मेणाचा दोरा."

दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. त्यानं शटर अर्धं उचललं, वाकून आत गेला आणि दोन्ही घेऊन आला. सोबत एक लाकडी फळकुटही. मी फळकुट पुढच्या डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात घातलं आणि दगडानं हळूहळू ठोकायला लागले. फळकुट फुटलं. दुसरा तुकडा घातला, तो सटकून बाहेर पडला. पत्र्यावर ओरखडा उठला. तिसऱ्यांदा माझ्याच बोटावर दगड बसला.

एक बाई आतून वरवंटा घेऊन आल्या आणि पुढच्या चाकाजवळ ठेवून गेल्या. "लागला तर," म्हणाल्या. अकरा पस्तीस. दहा मिनिटं राहिली होती.

चौथ्यांदा मी दगड उचलला तेव्हा मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"पाचर अशी ठोकतेत का?" गुरुनाथअप्पा म्हणाले.

मी वळून बघितलं.

"त्या फळकुटाला धार न्हाई, निमुळतं न्हाई. सपाट लाकूड कुठं शिरतंय व्हय? आन् एका जाग्यावर एवढा मार द्यायलात तुमी. लाकूड तरी फुटंल न्हाईतर पत्रा." ते अंगणाच्या कडेला वळले. तिथं भिंतीला लागून शेतीचं जुनं सामान पडलेलं होतं. काठीनं एकदोन वस्तू बाजूला केल्या आणि बाभळीच्या दोन पाचरी काढून आणल्या. औताचा दांडा खिळखिळा झाला की फटीत ठोकतात, त्या. घासून घासून काळ्या आणि गुळगुळीत झालेल्या.

"कपडा आणा," ते शिवराजला म्हणाले.

त्यांनी पाचरींना कापड गुंडाळलं, पत्रा खरचटू नये म्हणून. पहिली कोपऱ्यात टेकवली, तळहाताच्या मुळानं दाबत गेले, दगड घेतलाच नाही. ती बोटाच्या पेरभर आत गेली. मग दुसरी, तिच्या खाली वीतभर अंतरावर. मग परत पहिली. एकदा ही, एकदा ती. चौकट कुरकुरली आणि दाराचा वरचा कोपरा सावकाश बाहेर आला. करंगळी जाईल एवढी फट पडली.

"पुरं?" त्यांनी विचारलं.

"पुरं."

"मग मी धरतो. तुमी करा तुमचं."

मी पट्टी मधोमध दुमडली आणि दुमड फटीतून आत सरकवली. पट्टी ताठ असते, दोऱ्यासारखी लोळत नाही. काचेच्या आतून खाली नेली, दोन्ही टोकं जरा जवळ आणली तर दुमड फुगून तिचा फासा झाला. तो खुंटीवर बसवला आणि वर ओढला. खुंटी गुळगुळीत. फासा सटकला. परत बसवला, परत सटकला. खुंटीचं डोकं जेमतेम गव्हाएवढं जाड, मान त्याहून किंचित बारीक. पट्टी त्या मानेत बसत नव्हती.

मी पट्टी बाहेर काढली. तिच्या दुमडीवर मेणाच्या दोऱ्याची सरकगाठ बांधली. सरकगाठ म्हणजे ओढली की आवळते ती. टाके घालणाऱ्या माणसाच्या बोटांना ती पाठच असते. दोऱ्याचं लांब टोक बाहेर माझ्या डाव्या हातात ठेवलं. आता पट्टीचं काम फक्त गाठ खुंटीपर्यंत पोचवायचं, आणि धरायचं काम दोऱ्याचं.

पट्टी आत गेली. गाठ खुंटीच्या वर आली, बाजूला गेली, परत वर आली. घामानं चष्मा घसरायला लागला. शिवराजनं न सांगता तो वर सरकवला. गाठ खुंटीवरून खाली उतरली. मी दोरा हळूच ओढला. ती मानेत आवळली. मेणामुळे सटकली नाही.

"अप्पा, जरा अजून."

त्यांनी पाचर अर्धा पेर आत दाबली. मी दोरा सरळ वर ओढला. खुंटी वर आली. टक् असा बारीक आवाज झाला.

हँडल शिवराजनं उचललं. दार उघडलं. घड्याळात अकरा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. पावणेबाराची वेळ कधीच टळली होती आणि मला तिचं भान राहिलं नव्हतं. डॉक्टरांना मी हे सांगितलेलं नाही.

पुढचं माझं रोजचं काम. ते थोडक्यात सांगते, कारण लोकांना त्याची उगीच भीती असते. खोलीतून सगळ्यांना बाहेर पाठवते, घरातलं एक माणूस थांबलं तर चालतं. हात धुणं, ग्लोव्हज, डोळे औषधानं स्वच्छ करणं, निर्जंतुक कापड अंथरणं. डोळे काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तपासणीसाठी थोडं रक्तही घेतो. मग खोबणीत कापूस आणि प्लॅस्टिकची टोपी बसवून पापण्या मिटवतो. चेहरा होता तसाच दिसतो. झोपलेल्या माणसाचा दिसतो तसा.

त्या दिवशी आत थांबायला गुरुनाथअप्पा आले. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि पूर्ण वेळ पुटपुटत जप करत होते.

बारा पंचविसाला बाहेर स्वामी आल्याची हालचाल झाली. कुणीतरी त्यांना दारातच काय चाललंय ते सांगितलं. मला त्यांचा आवाज ऐकू आला. "मग घाई कशाची हाय? त्यांचं काम व्हऊ द्या. पाणी आणा मला आदी."

मी आवरलं आणि म्हणाले, "अप्पा, झालं."

ते वळले. भावाजवळ आले, वाकून बराच वेळ बघत राहिले. मग बोटानं कपाळावरचं थोडं भस्म नीट केलं.

"हाय तसाच दिसायलाय," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं व्हतं, खड्डा पडंल."

"नाही पडत, अप्पा."

त्यांनी मान हलवली आणि दार उघडून माणसांना आत बोलावलं. मी आइस बॉक्स घेऊन बाजूनं निघाले. तोवर मन्मथअप्पांना बसवायची तयारी सुरू झाली होती. सूनबाईंनी मला तांब्याभर पाणी दिलं. चावी माझ्या हातात होती, मुठीत, इतकी घट्ट की तिचे दाते तळव्यावर उमटले होते.

परत येताना पुढच्या डाव्या दारातून वारा शिटी वाजवत होता. ते दार नीट बसवून घ्यायला पुढे दोनदा गॅरेजला न्यावं लागलं. डॉक्टरांनी ओरखडा बघितला, पाचरीची हकिकत ऐकली आणि विचारलं, "काच का नाही फोडलीस?" मी म्हणाले, "गरज पडली नाही." त्यांनी दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि गाडीची दुसरी चावी बाहेर काढून वॉचमनजवळ ठेवायला सांगितली. या विषयावर आमच्यात एवढंच बोलणं झालं.

आठ-दहा दिवसांनी मी महानंदाआक्कांना फोन केला. डोळ्यांचं पुढे काय झालं ते घरच्यांना कळवायचं असतं. कुणाला बसवला हे सांगता येत नाही, पण उपयोग झाला का हे सांगता येतं. आणि मी खरं तेच सांगते, कारण लोक त्यावर पुढे वर्षानुवर्षं बोलतात.

"आक्का, एक कॉर्निया बसवला. पेशंटला दिसायला लागलंय."

"बरं झालं." मग विचारलं, "आन् दुसरा?"

"दुसरा बसवण्याइतका चांगला निघाला नाही. वयामुळे होतं तसं. तो डॉक्टरांच्या शिकण्यासाठी ठेवलाय. नवीन डॉक्टर त्यावर हात बसवतात."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल.

"सातवीतून शाळा सोडलेला माणूस," त्या म्हणाल्या. "आता डाक्टरला शिकवायलाय म्हणा की."

मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी विचारलं, गाडीचं दार नीट झालं का. मी हो म्हणाले.

आता पेढीत नवीन टेक्निशियन आला की मी त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगते. एक, बाहेरचं हँडल उचलायच्या आधी दुसऱ्या हातात चावी आहे का ते डोळ्यांनी बघ, खिशाला हात लावून नको. ही सगळ्यांना पटते. दुसरी पटायला वेळ लागतो. आपल्या हातून चूक झाली, की ती आपली आहे हे तिथल्या तिथं, मोठ्यानं सांगायचं. आपण गप्प राहिलो, तर दु:खात असलेल्या घरात लोक त्या चुकीला स्वतःच नाव ठेवतात, आणि ते नाव बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचं असतं.